हळूबाईचा हायड्रोजन

पाचवीच्या त्या वर्षीच्या वर्गाच्या फोटोत ती नाही, आणि तिच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यामुळेच. फोटोग्राफरने बाकं मांडून घेतली होती. उंच मुलं मागे, बुटकी पुढे, मी मधोमध खुर्चीवर. त्याने कॅमेऱ्याला डोळा लावून विचारलं, "सगळे आले ना?" मुलं एका सुरात "हो" म्हणाली. मुलं अशा वेळी नेहमीच हो म्हणतात. फोटो निघाला, आम्ही वर्गात परत आलो, तर तिसऱ्या बाकावर एक मुलगी वहीवर वाकून बसलेली.

"तू खाली का नाही आलीस गं?"

"तुम्ही म्हणालात, नकाशा पुरा झाला की या."

"मग? झाला नाही?"

"उपनद्या राहिल्या होत्या."

फळ्यावर मी मोठ्या नद्या नीट काढल्या होत्या आणि उपनद्या म्हणून दोन्ही बाजूंना चार-दोन फराटे मारून दिले होते. हिने पुस्तकातून बघून सगळ्या काढल्या होत्या आणि आता त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांपर्यंत पोचली होती. फोटोग्राफर केव्हाच सायकलवर बसून गेला होता. तिने खिडकीतून रिकाम्या बाकांकडे एकदा पाहिलं, आणि निळ्या पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

वर्गाने तिचं नाव हळूबाई ठेवलं. मुलं जी नावं ठेवतात ती बहुधा लागू पडतात, शिक्षकांना ठेवलेलीसुद्धा. तिने त्या नावाचा कधी राग मानला नाही. राग यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात समोरचा निघून गेलेला असे. हल्ली ती स्वतःच स्वतःला हळूबाई म्हणते, म्हणून मीही तेच नाव लिहिते आहे.

ती आमच्याच गल्लीत राहायची, चार घरं सोडून. वडील शहर बसचे ड्रायव्हर. उशीर या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा. आपण सबंध नोकरीत एकदाही बस उशिरा सोडली नाही, हे ते कोणी न विचारताही सांगत. अशा माणसाच्या पोटी ही. आठवीत असताना एकदा ती वडिलांच्याच बसने शाळेला यायला निघाली. वडील पुढे गेले, ही बुटाची नाडी बांधत बसली. स्टॉपवर पोचली तेव्हा बस नुकती सुटली होती. ही मागे पळायला लागली. कंडक्टरने मागच्या काचेतून पाहिलं, घंटी मारली आणि ओरडला, "अहो, तुमचीच मुलगी आहे!"

"माहितीये," वडील म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

ती पुढच्या बसने आली आणि पहिला तास संपता संपता वर्गात शिरली. संध्याकाळी बापलेक नेहमीसारखे शेजारी जेवायला बसले. "आरशात दिसत होतीस," वडील म्हणाले. "पळतेस चांगली." एवढ्यावर तो विषय संपला. हे मला तिच्या आईने सांगितलं, आणि सांगताना तिला हसावं की चिडावं हे कळत नव्हतं.

पुढे जिथे जिथे घड्याळ लावून परीक्षा घेतात तिथे तिथे हळूबाईचं काही जमलं नाही. तिने सोडवलेली उत्तरं सगळी बरोबर असत, फक्त ती निम्मीच असत. डॉक्टर, इंजिनिअर वगैरे रस्ते असे आपोआप बंद झाले. आई माझ्याकडे आली. "बाई, हिचं करायचं काय?" मी म्हटलं, भौतिकशास्त्र घेऊ दे. त्यामागे माझा काही फार मोठा विचार नव्हता. त्या विभागात जागा रिकाम्या असतात एवढं मला माहीत होतं. गर्दी नसेल तिथे ही टिकेल असं वाटलं. ती टिकली. इतकी टिकली की एम.एस्सी. झाली, मग डॉक्टरेट झाली, आणि एका संस्थेत रेडिओ दुर्बिणीवर काम करायला लागली. पगार ठीक, नोकरी तीन वर्षांच्या कराराची.

काम कसलं, हे गल्लीला नीट कळलं नाही. हायड्रोजन हा एक वायू आहे इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक होतं. त्यावरून ती गॅसमध्ये नोकरीला आहे असं पसरलं, आणि इस्त्रीवाल्याने सिलिंडर जरा लवकर मिळेल का, म्हणून विचारलं. तिने त्याला थांबून सगळं समजावून सांगितलं. त्यानेही ऐकून घेतलं. तोवर त्याची इस्त्री थंड झाली.

दुर्बिणीचा लोकांसाठी खुला दिवस होता तेव्हा तिने आईवडिलांना आणि मला बोलावलं. दुर्बीण म्हणजे नळी, असं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिथे मोकळ्या माळावर दूरदूर पसरलेल्या मोठमोठ्या जाळीदार अँटेना होत्या, आणि सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. गेटवर सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. पेट्रोलच्या गाड्या बाहेरच उभ्या करायला लावत होते.

"गाडीच्या इंजिनातली ठिणगीसुद्धा आमच्या दुर्बिणीला दिसते," हळूबाई म्हणाली. "आकाशातून येतं ते त्याच्यापुढे फारच क्षीण असतं."

"माझी बस डिझेलवर आहे," वडील म्हणाले. "डिझेलला ठिणगी नसते."

"म्हणून तर आवारात फक्त डिझेलच्या गाड्या सोडतात, बाबा."

पुढचा आठवडाभर डेपोत वडिलांनी हे प्रत्येकाला सांगितलं.

मग तिने हायड्रोजन समजावून सांगितला. सगळ्यात साधा अणू. मध्ये एक प्रोटॉन, भोवती एक इलेक्ट्रॉन, बस्स. दीर्घिकांमध्ये, म्हणजे ताऱ्यांच्या मोठमोठ्या वसाहतींमध्ये, ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत हा वायू थंडपणे पसरलेला असतो. दिसत नाही, चमकत नाही. पण त्यातला इलेक्ट्रॉन कधीतरी कूस बदलतो, आणि तेव्हा एक बारीकशी रेडिओलहर बाहेर पडते. एकवीस सेंटीमीटर लांबीची. तेवढीच काय ती त्याची खूण.

"कधीतरी म्हणजे केव्हा?" वडिलांनी विचारलं.

"एक अणू धरला तर सरासरी कोटभर वर्षांनी एकदा."

वडिलांनी अँटेनांकडे पाहिलं. "वेळापत्रक नाही?"

"नाही."

"आणि तोवर काय करतो तो?" आईने विचारलं.

"काही नाही, आई. असतो."

आईने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला. "बरं आहे," ती म्हणाली. "तुझं जमेल त्याच्याशी."

त्या वायूचा उपयोग काय, हे मीच विचारलं, शिक्षकांची ती सवय. तारे त्याच्यापासूनच बनतात, ती म्हणाली. तो दाटतो, आणखी थंड होतो, आणि मग त्याचे तारे होतात. एखाद्या दीर्घिकेत तो किती शिल्लक आहे हे कळलं की तिथे अजून किती काळ तारे जन्माला येतील याचा अंदाज करता येतो. वडिलांना तिने सांगितलं, टाकीत किती डिझेल आहे ते बघायचं.

"मग काटा बघायचा."

"काटाच तर नाहीये, बाबा. आणि टाकी फार लांब आहे."

ज्या दीर्घिका ती बघते त्यांना ते लोक जवळच्या म्हणतात. तिथून निघालेली लहर आपल्यापर्यंत पोचायला दोन-तीन कोटी वर्षं लागतात. जवळ या शब्दाचा हा अर्थ मला अजून पुरता पचलेला नाही.

तिच्या कामाचा मोठा भाग म्हणजे निवडणं. शब्द तिचाच. दुर्बिणीतून चित्र येत नाही, आकडे येतात, आणि त्यांत आकाशाचे थोडे नि पृथ्वीचे फार. मोबाईलचे मनोरे, विमानं, विजेच्या तारा, कुठल्यातरी वर्कशॉपमधलं वेल्डिंग, सगळं त्यांत मिसळलेलं. ते आधी वेचून बाहेर टाकायचं आणि उरलेल्यातून चित्र उभं करायचं. हे करायला संगणकाचा एक प्रोग्रॅम असतो. तो झटपट निवडून देतो आणि बहुतेक लोक तेवढ्यावर भागवतात. हळूबाईचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ती सगळं स्वतःच्या डोळ्यांनी निवडायची, महिनेच्या महिने.

"धान्य निवडतात तसं?" आईने विचारलं होतं.

"तसंच."

"खडा राहत नाही कधी?"

"माझ्यात नाही राहत."

हे ती अभिमानाने म्हणाली नाही, पण म्हणाली. संस्थेत नव्या लोकांना नमुना म्हणून तिचंच निवडलेलं दाखवत. तिची चित्रं इतकी स्वच्छ असत की तिच्या सरांनी, ज्यांच्या हाताखाली ती काम करायची त्यांनी, त्यातलं एक मोठं करून आपल्या खोलीत लावलं होतं.

ते चित्र एका लहानशा दीर्घिकेचं होतं. त्या दीर्घिकेला तिने नाव दिलं होतं उधळी. खरं नाव म्हणजे अक्षरं आणि आकडे, ते कोण लक्षात ठेवणार? उधळी फार वेगाने तारे तयार करत होती, आणि हळूबाईच्या मोजणीप्रमाणे तिच्यापाशी हायड्रोजन मात्र अगदी थोडा उरला होता. या वेगाने वीस कोटी वर्षांत सगळा खलास. दीर्घिकांच्या हिशेबात वीस कोटी वर्षं म्हणजे उद्या सकाळ. अशी सरतीला आलेली दीर्घिका इतक्या जवळ क्वचितच सापडते. हळूबाईने ते लिहून प्रसिद्ध केलं, आणि तिचं नाव झालं. बाहेरच्या देशांतून तिला बोलावणी आली. सावकाश बोलते म्हणून तिथल्या लोकांना तिचं सगळं समजलं.

त्याच सुमारास संस्थेत एक कायम जागा निघाली.

या जागेचं महत्त्व कळायला हळूबाईची भाड्याची खोली पाहायला हवी. तिथे एक पलंग, एक टेबल, आणि भिंतीला लावून पुस्तकांची खोकी. खोकी उघडलेली नव्हती. करार कधी संपेल आणि कुठे जावं लागेल याचा नेम नाही, मग कशाला सोडायची? एखादं पुस्तक लागलं की ती वरच्या खोक्याची चिकटपट्टी काढायची, पुस्तक घ्यायची, आणि पट्टी परत लावायची. आई एकदा राहून आली आणि तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला: ही कायम झाली पाहिजे आणि ती खोकी उघडली पाहिजेत. अशी जागा पाच-सात वर्षांतून एकदा निघते. मुलाखतीला अर्धा तास आपल्या कामावर बोलायचं, मग प्रश्न. चुरस मुख्यतः दोघांत होती, हळूबाई आणि तिच्या शेजारच्या टेबलावरचा संशोधक. तो भराभर बोलणारा, भराभर लिहिणारा, मनाने चांगला. तिचा चहा गार होतो म्हणून तिच्या कपावर बशी झाकून ठेवणारा. पण तिच्याकडे उधळी होती, आणि पारडं तिच्या बाजूला झुकलेलं आहे हे त्यालाही मान्य होतं.

मुलाखत पंधरवड्यावर आली असताना ती अचानक घरी आली. आईने मला हाक मारली. "बाई, जरा या. तुमचं ऐकेल ती." तिने माझं कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं, पण मी गेले. ओट्याशी आई उभी, टेबलाशी वडील, आणि हळूबाई समोरच्या कपाकडे बघत बसलेली.

"काय झालंय ते बाईंना सांग," आई म्हणाली.

झालं होतं ते असं. दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी एका मोठ्या तबकडीने, म्हणजे एकाच भल्यामोठ्या अँटेनाने, उधळीचा हायड्रोजन मोजला होता. त्यांचा आकडा हिच्या आकड्याच्या पाचपट होता.

"त्यांचं चुकलं असेल," मी म्हटलं.

"असू शकेल. सरही तेच म्हणतात. एकट्या मोठ्या तबकडीची नजर अघळपघळ असते, शेजारच्या दीर्घिकेचा वायूही तिने यात धरला असेल."

"मग झालं तर!" आई म्हणाली.

"असू शकेल म्हणाले मी."

मग तिने टेबलावर बोटं ठेवून दाखवलं. अँटेना एकेकट्या बघत नाहीत, जोडीने बघतात. लांब लांब उभ्या असलेल्या दोघी बारकावे बघतात. जवळजवळ उभ्या असलेल्या दोघी बघतात पसरट गोष्टी, ढगासारख्या, ज्यांना धड कडा नसते अशा. आणि पृथ्वीवरचा कचराही या जवळच्या जोड्यांतच सगळ्यात जास्त येतो. दोघी शेजारी उभ्या, एकच कचरा दोघींच्या डोळ्यांत जातो.

"मग?" वडील म्हणाले.

"मी जवळच्या जोड्या बहुतेक सगळ्या काढून टाकल्या. फार घाण होत्या त्या."

आईचा हात ओट्यावर थांबला. "म्हणजे खड्यांबरोबर…"

"हो."

"किती गेलं?"

"तेच माहीत नाही. उधळीच्या भोवती पसरलेला वायू असेल तर तो सगळा गेला. नसेल तर काहीच गेलं नाही. परत पहिल्यापासून निवडल्याशिवाय कळणार नाही."

"प्रोग्रॅमने निवडलं असतं तर?" मी विचारलं.

"त्याने एवढं टाकलं नसतं," ती म्हणाली. "तो आळशी आहे."

परत निवडायला तिला वर्ष लागणार होतं. मुलाखत पंधरवड्यावर. आईने पुढ्यातली खुर्ची ओढली आणि बसली.

"हे बघ, आधी मुलाखत होऊ दे. कायम हो. मग बस की निवडत वर्ष, दोन वर्षं. कोण उठवतंय तुला? खोटं बोल म्हणत नाही मी. नुसती गप्प बस."

"आई, अर्धा तास बोलायचंय तिथे. त्याच दीर्घिकेवर."

"मग दुसऱ्या दीर्घिकेवर बोल. ढिगाने आहेत म्हणतेस ना?"

"त्यांनी मला हिच्यासाठी बोलावलंय."

"तू ना, पाचवीत फोटो घालवलास आणि आता हे. बाई, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सरांचंही नव्हतं. ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं आणि कदाचित काही चुकलेलंही नसतं. मी म्हटलं, चहा घे आधी. तो गार झाला होता.

वडील इतका वेळ घड्याळाकडे बघत होते. "मुलाखत किती वाजता?"

"साडेअकरा."

"हं." त्यांनी घड्याळावरची नजर काढली. "ब्रेकची शंका असली तर मी गाडी डेपोतून काढत नाही."

आईने वळून पाहिलं. "आणि मग उशीर होतो तो?"

"होतो."

"तुम्ही तर जगाला सांगत फिरता, एकदाही उशीर केला नाही म्हणून!"

"तो उशीर वर्कशॉपचा," वडील म्हणाले. "माझा नव्हे."

मुलाखतीला वडील तिला घेऊन गेले, नाहीतर ती वेळेवर पोचेल याची त्यांना खात्री नव्हती. दीड तास आधी पोचले. आत काय झालं ते हळूबाईने मला नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात मीठमसाला नसतो हे मला माहीत आहे.

लांब टेबलापलीकडे पाच जण बसले होते. सर त्यांत नव्हते, पण मागे खुर्ची टाकून होते. तिने उधळीचं ते स्वच्छ चित्र पडद्यावर लावलं आणि म्हणाली, "हे चित्र बहुधा चुकीचं आहे." मग का चुकीचं असावं ते सांगितलं, टेबलावर आम्हाला सांगितलं होतं तसंच, बोटं ठेवून.

मधल्या खुर्चीतल्या गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे या दीर्घिकेत वायू कमी आहे की जास्त?"

"माहीत नाही."

"तुमचं मत?"

"मत आधी होतं. ते प्रसिद्ध झालंय. आता तपासते आहे."

"तपासायला किती वेळ लागेल?"

"वर्षभर."

"पण आम्हाला तर आज ठरवायचंय," ते गृहस्थ म्हणाले. ते काही रागावून म्हणाले नाहीत.

"हो," हळूबाई म्हणाली. "तुम्ही ठरवा."

एका बाईंनी विचारलं, हे तुम्ही आज सांगितलं नसतं तर आमच्या लक्षात आलं असतं असं वाटतं का? हळूबाईने यावर विचार केला. विचार करायला तिला लागतो तेवढा वेळ लागला आणि पाचही जण थांबले. मग ती म्हणाली, "नाही."

बाहेर वडील सुरक्षारक्षकाशेजारी बाकावर बसले होते. ती दार उघडून आली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी तिचं आटोपलं होतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं, आणि वडिलांनी तिच्या पाठीवर थाप मारली. गोष्ट कशी झाली हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. कळल्यावर त्यांनी थाप परत घेतली नाही.

जागा शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली. तो तिच्याकडे आला आणि भराभर बरंच काही बोलला: वाईट वाटतं, खरं तर तुझीच होती, मला रात्री झोप नाही. ती म्हणाली, "अरे, तुझं काम तपासलेलं होतं. त्यांनी बरोबर केलं." मग त्याने तिच्या कपावर बशी ठेवली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला. तो अजून तिथेच बसतो. कायम लोकांना वेगळी खोली मिळते, पण त्याची खोली अजून रंगवून व्हायची आहे, असं तो सांगतो.

सरांनी भिंतीवरचं चित्र काढलं नाही. फक्त त्यावर कॅलेंडर लावलं.

हळूबाईने पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं. वर्ष म्हणाली होती, सव्वा वर्ष लागलं. जवळच्या एकेका जोडीचे आकडे तिने क्षणाक्षणाने चाळले आणि जे ठेवता येईल ते ठेवलं. तिला हे फार कठीण गेलं. टाकण्यात तिचा हात बसलेला होता, ठेवण्यात नव्हता. फोनवर एकदा म्हणाली, "बाई, थोडी घाण राहू द्यावी लागते. मला कसंसंच होतं."

निघालं ते असं: उधळीच्या भोवती, तिच्या दिसणाऱ्या आकाराच्या तिप्पट अंतरापर्यंत, हायड्रोजन पसरलेला आहे. पातळ, कडा नसलेला, आणि एका बाजूला लांब शेपटासारखा ओढला गेलेला. पहिल्या आकड्याच्या चौपट. त्या परदेशी लोकांच्या आकड्यातला उरलेला हिस्सा मात्र खरंच शेजारच्या दीर्घिकेचा होता, म्हणजे सरही थोडे बरोबर होते. वीस कोटी वर्षांच्या जागी ऐंशी कोटी वर्षं झाली. उधळीला काही घाई नव्हती. टाकी भरलेली होती, बघणारीनेच अर्धीअधिक टाकी पुसून काढली होती.

नव्या लेखाचं पहिलंच वाक्य हळूबाईने असं लिहिलं की आमच्या आधीच्या लेखातला आकडा चुकीचा आहे आणि चूक निवडणाऱ्याची आहे, दुर्बिणीची नाही. आधीचा लेख पुष्कळांनी वाचला होता, हा त्या मानाने थोड्यांनी. उधळी हे नाव मात्र बदललं नाही. मी विचारलं तर म्हणाली, एकदा पडलेलं नाव जातं का कुठे?

त्यानंतर आई तिच्याकडे राहायला गेली, दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक लोखंडी रॅक उचलून आणलं आणि सगळी खोकी उघडली. हळूबाई कामावरून आली तर पुस्तकं लागलेली. उंचीप्रमाणे लावलेली, त्यामुळे तिला काही सापडेना.

"आई, करार संपला तर?"

"परत भरू. चिकटपट्टी काय आहे, रुपयाला पासरी मिळते."

आता हळूबाईचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले आहेत. तिचा करार दोनदा वाढला. दुसरी कायम जागा अजून निघालेली नाही. दरवर्षी नव्या आलेल्या लोकांना निवडायला तीच शिकवते, आणि पहिल्या दिवशी उधळीची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावते. स्वच्छ चित्र कुणाचं, हे कोणी विचारलं तर सांगते. बहुतेक कोणी विचारत नाही, कारण खाली तिचंच नाव छापलेलं आहे.

वडील निवृत्त होऊन घरी असतात. मागच्या सुट्टीत ती आली होती तेव्हा त्यांनी तिला विचारलं, संस्थेत जायला गाडी आहे का?

"आहे ना. डिझेल. पहिली आठला सुटते, ती कायम लोकांसाठी. दुसरी साडेनऊला."

"तू कितीच्या गाडीने जातेस?"

"दुसऱ्या."

"मिळते?"

"तो थांबतो माझ्यासाठी. आता सवय झालीये त्याला."

वडिलांनी पेपर खाली ठेवला. "चूक आहे त्याची," ते म्हणाले.

ती रोज साडेनऊच्या गाडीने जाते. गाडी पावणेदहाला सुटते.